पेंढ्याचं इंधन: केमिस्ट्री जमते, पेंढा अडतो

दाणे काढून झाल्यावर शेतात जे उरतं ते सगळं, म्हणजे मक्याची ताटं, गव्हाचा-भाताचा पेंढा, उसाचा चोथा, शिवाय लाकूड कापताना पडलेला भुसा, एका बाजूने प्लांटमध्ये ढकलायचं आणि दुसऱ्या बाजूने इथेनॉल, डिझेल, विमानाचं इंधन, प्लास्टिकचा कच्चा माल असं काय काय बाहेर काढायचं. अशी घोषणा करणारी कंपनी दर दोन-चार वर्षांनी कुठून तरी उगवतेच. मोठमोठी माणसं येतात, फीत कापली जाते, बातमीत 'कचऱ्यातून सोनं' असतंच असतं, आणि मग थोड्या वर्षांनी आतल्या पानावर बारीकशी बातमी येते की प्लांट बंद केला.

लोकांना वाटतं टेक्नॉलॉजी फसवी होती, किंवा तेल कंपन्यांनी काहीतरी खेळी करून गेम केला. थोडंफार दोन्ही असेल. पण बंद पडलेल्या प्लांटच्या कहाण्या एकापाठोपाठ एक वाचल्या तर वेगळंच दिसतं, की रिअ‍ॅक्टरच्या (म्हणजे प्रक्रिया होते त्या बंद टाकीच्या) आतली केमिस्ट्री बऱ्याचदा नीट चाललेली असते आणि घोडं पेंड खातं ते रिअ‍ॅक्टरच्या दाराशी, म्हणजे तो पेंढा गोळा करून, साठवून, बारीक करून आत घालण्यात, आणि दुसरं म्हणजे आतून जे बाहेर पडतं त्यातलं नक्की काय विकायचं ह्या प्रश्नात. हे नीट कळायचं असेल तर आधी वनस्पतीत असतं काय ते बघू.

सुकलेल्या कुठल्याही झाडाझुडपात पाणी वगळलं तर मुख्य तीन गोष्टी असतात, सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. घराच्या आरसीसी खांबासारखं समजा, सेल्युलोज म्हणजे सळया, हेमिसेल्युलोज म्हणजे त्या बांधणारी तार, आणि लिग्निन म्हणजे सगळ्यावर ओतलेलं काँक्रीट. प्रमाण वनस्पतीप्रमाणे बदलतं, पण ढोबळमानाने सेल्युलोज ३५ ते ५० टक्के, हेमिसेल्युलोज २० ते ३५ आणि लिग्निन १० ते २५. गंमत म्हणजे सेल्युलोज हे नुसतं ग्लुकोज आहे. आपण खातो तो स्टार्चही ग्लुकोजच, फक्त साखळीतले मणी एकमेकांना ज्या कोनात जोडलेत तो कोन वेगळा, आणि तेवढ्या फरकाने स्टार्च आपल्याला पचतो आणि सेल्युलोज पचत नाही. गाय गवत खाते ते पण तिच्या पोटातले सूक्ष्मजीव पचवून देतात म्हणून. झाडाला लाखो वर्षं बुरशी, किडे आणि पाऊस ह्यांच्यासमोर उभं राहायचं होतं, त्यामुळे त्याने स्वतःला तोडायला अवघडच बनवलंय, आणि आपण म्हणतोय की हे तास-दोन तासांत स्वस्तात तोडून द्या.

तसं स्वस्ताचा आग्रह सोडला तर हे काम फार जुनं आहे. १८१९ मध्ये आँरी ब्राकोनो नावाच्या फ्रेंच केमिस्टने कापडाच्या जुन्या चिंध्या सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये घालून त्यातून साखर काढून दाखवली होती. १९१० च्या सुमाराला अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या जॉर्जटाउनला लाकडाच्या भुशापासून अल्कोहोल काढणारा कारखाना सुरू झाला आणि पहिल्या महायुद्धानंतर बंदही पडला. सोव्हिएत युनियनमध्ये तर लाकडापासून अल्कोहोल आणि जनावरांच्या खाद्याचं यीस्ट बनवणारे डझनावारी कारखाने कित्येक दशकं चालले, पण तिथे नफा-तोट्याचा हिशोब कोण विचारत होतं. म्हणजे 'हे शक्य आहे का' हा प्रश्न दोनशे वर्षांपूर्वीच सुटलाय.

आता आजच्या प्लांटमध्ये नक्की काय करतात. दोन मोठे रस्ते आहेत, एक साखरेचा आणि एक उष्णतेचा.

साखरेच्या रस्त्यात पहिलं काम म्हणजे ते काँक्रीट फोडणं, ह्याला प्रीट्रीटमेंट म्हणतात. पेंढा बारीक करून वाफेच्या दाबाखाली साधारण १६० ते २०० डिग्रीपर्यंत तापवायचा, कधी थोडं अ‍ॅसिड घालायचं, आणि मग दाब एकदम सोडायचा म्हणजे आतलं पाणी वाफ होऊन उसळतं आणि धागे फाटून मोकळे होतात. फार कमी तापवलं तर सेल्युलोज उघडं पडत नाही, आणि जास्त तापवलं तर सुटलेली साखरच जळून फरफ्युरलसारखी रसायनं बनतात जी पुढे यीस्टला मारतात. म्हणजे ह्या एका पायरीत दोन्हीकडून मार आहे, आणि येणारा पेंढा आज ओला उद्या सुका असेल तर सेटिंग रोज बदलायला लागतं.

मग येतात एन्झाइम्स, म्हणजे सूक्ष्मजीवांनी बनवलेली, सेल्युलोजची साखळी तोडून साखर मोकळी करणारी प्रथिनं. ह्यांची गोष्ट मला फार आवडते. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे तंबू आणि सुती सामान भराभर कुजायला लागलं, का कुजतंय म्हणून शोध घेतला तर एक बुरशी सापडली जी सेल्युलोज खाणारी एन्झाइम्स भरमसाट सोडत होती. सैन्याला ती थांबवायची होती, पण पुढे मॅसॅच्युसेट्समधल्या नेटिक इथल्या लष्करी प्रयोगशाळेत एल्विन रीस आणि मेरी मँडेल्स ह्यांनी उलटा विचार केला की हिला कामाला लावू. आज तिचं नाव रीसच्या नावावरूनच ट्रायकोडर्मा रीसेई आहे, आणि सेल्युलोज तोडणाऱ्या इंडस्ट्रियल एन्झाइम्सचा मोठा हिस्सा तिच्याच वंशजांकडून येतो. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकन सरकारच्या पैशातून नोव्होझाइम्स आणि जेनेंकोर ह्या दोन कंपन्यांनी एन्झाइमचा खर्च वीस पटीहून जास्त खाली आणला. तेव्हा सगळ्यांना वाटलं की झालं, आता अडचण संपली.

साखर सुटली की यीस्ट घालून आंबवायचं. इथे पण एक मेख होती, की नेहमीचं बेकरीचं यीस्ट ग्लुकोज आवडीने खातं पण हेमिसेल्युलोजमधून मुख्यतः झायलोज नावाची पाच कार्बनची साखर निघते आणि त्याला ते तोंडच लावत नाही, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश साखर गटारात. मग पर्ड्यू विद्यापीठात नॅन्सी हो ह्यांनी १९९० च्या दशकात झायलोजही खाणारं यीस्ट बनवलं, आणि त्याच्या आधी फ्लोरिडा विद्यापीठात लॉनी इन्ग्रॅमच्या टीमने इ. कोलाय बॅक्टेरियाला इथेनॉल बनवायला शिकवलं होतं, त्याला १९९१ मध्ये पेटंट मिळालं ते योगायोगाने (की मुद्दाम, देव जाणे) अमेरिकेचं ५०,००,००० नंबरचं पेटंट होतं.

इथे एक साधा हिशोब डोक्यात ठेवा, पुढे कामाला येईल. १८० ग्रॅम ग्लुकोज आंबवलं तर जास्तीत जास्त ९२ ग्रॅम इथेनॉल मिळतं, बाकीचे ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातात. यीस्ट कितीही हुशार केलं तरी ह्याच्या वर जाता येत नाही. त्यात पेंढ्यातली साखरच मुळात दोन तृतीयांशाच्या आसपास, लिग्निन तर आंबतच नाही, आणि प्रत्येक पायरीवर थोडी गळती. म्हणून एक टन पेंढ्यातून कागदावर ३०० लिटर दिसले तरी खरे प्लांट त्याच्या बरेच खाली डिझाइन होतात. रोमानियात पोदारी इथे क्लॅरिअंट कंपनीने उभारलेल्या प्लांटचा आराखडा होता वर्षाला अडीच लाख टन पेंढा आत आणि ५० हजार टन इथेनॉल बाहेर, म्हणजे पाचास एक. इंडियन ऑइलच्या पानिपतच्या प्लांटचं, जो ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाला, जाहीर झालेलं गणित वर्षाला साधारण दोन लाख टन भाताचा पेंढा आणि तीन कोटी लिटर इथेनॉल असं होतं, म्हणजे टनाला १५० लिटर. आणि एक लिटर इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच असते, हे विसरायचं नाही.

उष्णतेचा रस्ता थोडक्यात सांगतो. तिथे साखर वगैरे भानगड नाही, लिग्निनसकट सगळंच तापवायचं. कमी ऑक्सिजनमध्ये खूप तापवलं तर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनचा गॅस मिळतो, तो साफ करून कॅटॅलिस्टवरून (म्हणजे प्रक्रिया घडवून आणणाऱ्या पदार्थावरून) नेला की डिझेलसारखी साखळी तयार होते. ही फिशर-ट्रॉप्श प्रक्रिया १९२५ च्या सुमाराला जर्मनीत शोधली गेली आणि युद्धात जर्मनीने कोळशापासून इंधन काढायला वापरली. दुसरा प्रकार पायरोलिसिस, म्हणजे ऑक्सिजनशिवाय काही सेकंदांत झटकन तापवून काळपट तेल काढायचं, जे आंबट असतं, पाणीदार असतं आणि ठेवलं की घट्ट होत जातं, म्हणून त्यावर पुढे रिफायनरीसारखे संस्कार करावे लागतात. ऐकायला हा रस्ता सोपा वाटतो कारण काहीही चालतं, पण गॅसमध्ये डांबर येतं, ते पाइपात चिकटतं, कॅटॅलिस्ट मरतो. जर्मनीत फ्रायबर्गची खोरेन कंपनी ह्याच रस्त्याने जाऊन २०११ मध्ये दिवाळखोरीत गेली. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात सोपर्टनला रेंज फ्युएल्सने ७.६ कोटी डॉलरपर्यंतची सरकारी ग्रँट आणि ८ कोटींची कर्जहमी मिळवून प्लांट उभा केला, त्यातून थोडं मेथेनॉल, जेमतेम एकदा इथेनॉल, आणि २०११ च्या सुरुवातीला कुलूप. तो प्लांट पुढे ५१ लाख डॉलरला विकला गेला. मिसिसिपीत प्लांट टाकणारी कायोर ही कंपनी २०११ मध्ये शेअर बाजारात आली, राज्याने साडेसात कोटी डॉलर कर्ज दिलं, आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये दिवाळखोरी. तिच्याबाबतीत तर अमेरिकन बाजार नियामकाने २०१६ मध्ये आरोप ठेवला की एका टन लाकडातून किती इंधन निघतं ह्याबद्दल गुंतवणूकदारांची दिशाभूल केली. टनाला किती लिटर, हा आकडा एवढा महत्त्वाचा असतो ते ह्यावरून कळावं.

पण खरी शिकण्यासारखी गोष्ट साखरेच्या रस्त्यावरच्या कंपन्यांची आहे, कारण त्या हौशी नव्हत्या. इटलीत क्रेशेंतिनोला बीटा रिन्यूएबल्स २०१३ मध्ये, अमेरिकेत आयोवातल्या एमेट्सबर्गला पोएट आणि डच कंपनी डीएसएम ह्यांचा जॉइंट प्लांट सप्टेंबर २०१४ मध्ये (उद्घाटनाला चक्क नेदरलँड्सचे राजे आले होते), कॅन्ससमध्ये ह्यूगोटनला अबेंगोआ ऑक्टोबर २०१४ मध्ये, आणि आयोवातच नेवाडा नावाच्या गावी ड्युपाँट ऑक्टोबर २०१५ मध्ये. ड्युपाँटचा प्लांट २० कोटी डॉलरच्या वर खर्चाचा, वर्षाला ३ कोटी गॅलन म्हणजे ११ कोटी लिटरच्या वर क्षमतेचा. आता निकाल बघा. अबेंगोआ डिसेंबर २०१५ मध्ये बंद. बीटा २०१७ मध्ये बंद, मग दुसऱ्या कंपनीने विकत घेऊन २०२२ मध्ये परत चालू केला. ड्युपाँटने नोव्हेंबर २०१७ मध्ये हात वर केले. पोएट-डीएसएमने नोव्हेंबर २०१९ मध्ये विक्रीसाठीचं उत्पादन थांबवून फक्त रिसर्च ठेवला. आणि ह्या सगळ्यांकडून धडा घेऊन उशिरा आलेल्या क्लॅरिअंटने पोदारीचा प्लांट २०२२ मध्ये चालू केला तो २०२३ च्या डिसेंबरमध्ये बंद करायचं जाहीर केलं. ह्यातल्या सगळ्यांची कारणं एकच नव्हती, अबेंगोआची तर आख्खी मूळ कंपनीच कर्जात बुडाली होती, शिवाय २०१४ च्या मध्यात बॅरलला १०० डॉलरच्या वर असलेलं क्रूड, म्हणजे कच्चं तेल, २०१६ च्या सुरुवातीला ३० च्या खाली गेलं होतं. पण इतक्या मोठ्या, अनुभवी, पैसेवाल्या कंपन्या एकाच ठिकाणी ठेचकाळतात म्हणजे तिथे काहीतरी दगड असणारच.

तो दगड म्हणजे पेंढा. हलका, ओला, मळका आणि विखुरलेला.

हलका म्हणजे किती ते बघा. मशिनने घट्ट दाबून बांधलेली पेंढ्याची गासडी घनमीटरला साधारण १५० किलो भरते. क्रूड ऑइल ८५० च्या आसपास. वर किलोमागे ऊर्जाही पेंढ्यात क्रूडच्या साधारण एक तृतीयांश. दोन्ही मिळून हिशोब केला तर तेवढीच ऊर्जा पेंढ्याच्या रूपात न्यायला सोळा-सतरा पट जागा लागते. तेल पाइपातून वाहतं, पेंढा ट्रकने न्यावा लागतो, प्रत्येक गासडी उचला, रचा, बांधा, उतरवा.

ड्युपाँटला वर्षाला ३,७५,००० टन मक्याची ताटं लागणार होती, ती ३० मैलांच्या म्हणजे ४८ किलोमीटरच्या आतल्या साधारण ५०० शेतकऱ्यांकडून. अर्ध्या टनाची एक गासडी धरली तर साडेसात लाख गासड्या. त्या वर्षभर थोड्याथोड्या मिळत नाहीत, मका काढला की बर्फ पडायच्या आत काही आठवड्यांत सगळ्या उचलायच्या आणि मग पुढच्या हंगामापर्यंत पुरवायच्या. पाऊस लागला तर कुजतात, आतून तापतात, सुक्या राहिल्या तर एक ठिणगी पुरते. प्लांटला मात्र रोज हजारेक टन, म्हणजे पन्नासेक ट्रक लागणार, सणवार काही नाही. म्हणजे जैवइंधनाची कंपनी काढतोय असं वाटत असतं आणि प्रत्यक्षात तुम्ही वर्षभराची गोदामं आणि ट्रान्सपोर्ट चालवत असता, त्याला जोडून एक छोटीशी केमिकल फॅक्टरी.

छोटीशी हे उगाच म्हणत नाही. ३ कोटी गॅलन म्हणजे साधारण सात लाख बॅरल. दिवसाला दोन लाख बॅरल क्रूड गाळणारी रिफायनरी तेवढं साडेतीन दिवसांत हातावेगळं करते. मग कोणी म्हणेल प्लांटच मोठा करा ना, मोठ्या कारखान्यात लिटरमागे खर्च कमी येतो. येतो, खरंय. पण दुप्पट पेंढा हवा तर दुप्पट क्षेत्रातून आणावा लागतो, वर्तुळाची त्रिज्या १.४ पट होते आणि प्रत्येक टनाचा सरासरी प्रवास पण तेवढाच वाढतो. मशिनरी म्हणते मोठं व्हा, ट्रक म्हणतो लहान राहा. तेलाच्या धंद्यात ही ओढाताण जवळजवळ नाहीच.

बरं, आणून दारात टाकला तरी तो आत जात नाही! गासडीबरोबर माती येते, दगड येतात, तारेचे तुकडे येतात. भाताच्या पेंढ्यात तर जाळल्यावर पंधरा टक्क्यांच्या आसपास राख उरते आणि तिच्यात बहुतेक सिलिका, म्हणजे वाळूच, ती ग्राइंडरची पाती आणि स्क्रू घासून टाकते. तापलेल्या, दाबाखालच्या रिअ‍ॅक्टरमध्ये पेंढा ढकलायचा तर वाफ मागे न सुटता ढकलायचा, त्यासाठी दट्ट्यासारखा फिरणारा स्क्रू असतो आणि तो चोंदतो, किंवा दट्ट्या सैल पडून वाफ उलटी येते. लॅबमध्ये हे कधीच दिसत नाही कारण तिथे नीट सुकवलेला, एकसारखा दळलेला भुसा चमच्याने घालतात. अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशनने १९८० च्या दशकातच बऱ्याच कारखान्यांचा अभ्यास करून सांगितलं होतं की घन कच्चा माल हाताळणारे नवे प्लांट ठरलेल्या क्षमतेच्या खूप खाली रखडतात, आणि द्रव किंवा गॅसवर चालणारे प्लांट मात्र बऱ्यापैकी लवकर पूर्ण क्षमतेला पोचतात. त्यात जैवइंधनाचा विषयच नव्हता, पण लागू पडलं तंतोतंत. माझ्या मते हा सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा आहे, कारण एन्झाइमवर पेपर लिहिता येतो, नोबेलची स्वप्नं बघता येतात, चोंदलेल्या स्क्रूवर कोण बोलणार.

आणि मग तो 'कचरा' शब्द. पेंढा फुकट असतो तोवरच तो कचरा असतो. कंपनीने दारात येऊन विचारलं की शेतकरी बरोबर हिशोब मांडतो, गोळा करायचं डिझेल, शेतातून गेलेलं पोटॅश, जमिनीचा गेलेला सेंद्रिय कार्बन, आणि हे चूक अजिबात नाही. ताटं सगळी उचलली तर माती उघडी पडून वाहते, म्हणून काही भाग शेतात सोडावाच लागतो. म्हणजे मिळणारा माल अजून कमी, वर्तुळ अजून मोठं.

सरकारी नियमाने हे सुटेल असं अमेरिकेला वाटलं होतं. २००७ च्या कायद्यात लिहून टाकलं की २०२२ पर्यंत वर्षाला १६०० कोटी गॅलन सेल्युलोजवालं इंधन वापरायचं. पहिल्या वर्षाचं म्हणजे २०१० चं टार्गेट १० कोटी गॅलन होतं, ते पर्यावरण खात्याने ६५ लाखांवर आणलं, आणि तेवढंही बनलं नाही, मोजण्यासारखं काहीच बनलं नाही. २०१२ चं ५० कोटी होतं, ते एक कोटीच्या आसपास आणलं, प्रत्यक्षात मिळालं वीस हजार गॅलनच्या आसपास. बाजारात नसलेलं इंधन वापरलं नाही म्हणून तेल कंपन्यांना पैसे भरायची वेळ आली, त्या कोर्टात गेल्या आणि जानेवारी २०१३ मध्ये जिंकल्या. त्यानंतर २०१४ मध्ये नियम बदलून कचरा डेपोतून निघणारा बायोगॅसही ह्याच खात्यात मोजायला परवानगी दिली, आणि तेव्हापासून कागदावर जे 'सेल्युलोजवालं इंधन' दिसतं त्यातला बहुतेक भाग हा गॅसच आहे. आकडे वाचताना हे माहीत असलेलं बरं.

मग टिकतं कोण? नॉर्वेत सार्प्सबोर्ग इथे बोरेगार्ड नावाची कंपनी आहे, १८८९ पासूनची. ती स्प्रूसच्या लाकडापासून इथेनॉल बनवते, १९३८ पासून, आणि कुठल्याही फितीशिवाय आजही बनवते. पण इथेनॉल हा तिचा मुख्य धंदा नाहीच. ती सेल्युलोज वेगळं काढून स्पेशल ग्रेडचं म्हणून विकते, लिग्निन जे बाकीचे लोक बॉयलरमध्ये जाळतात ते सुधारून काँक्रीटमध्ये, पशुखाद्याच्या गोळ्यांमध्ये, बॅटरीत वापरायला विकते, आणि त्याच लिग्निनपासून १९६२ पासून व्हॅनिलिन काढते, म्हणजे व्हॅनिलाचा वास. शेवटी द्रवात जी साखर उरते ती आंबवून इथेनॉल. म्हणजे लाकडाचे पैसे वरच्या तीन-चार मालांतून निघालेले असतात, इंधन वरकमाई.

फिनलंडमध्ये लापेनरांटाला यूपीएम कंपनी २०१५ पासून लाकडापासून डिझेल काढते, पण लाकूड सरळ आत घालत नाही. कागदाचा लगदा बनवताना टॉल ऑइल नावाचा एक चिकट द्रव आपोआप बाजूला निघतो, तो घेऊन त्याचं डिझेल करतात. लाकूड गोळा करायचा खर्च कागदाने उचलला, आणि कच्चा माल पंपाने ढकलता येतो. ब्राझीलमध्ये राईझेन कंपनी उसाच्या चोथ्यापासून इथेनॉल बनवते, तिथे पण चोथा उसाबरोबर मिलच्या दारात आधीच आलेला असतो, धुतलेला, चिरडलेला. तिलाही पहिली काही वर्षं प्लांट रुळावर आणायला गेलीच, पण गासड्यांची यातायात नव्हती. तिन्हीकडे तेच, बायोमास, म्हणजे हा लाकूड-चोथ्याचा कच्चा माल, दुसऱ्याच कुठल्यातरी धंद्याच्या खर्चाने दारात येऊन पडलेलं.

म्हणून हल्ली कंपन्या 'बायोरिफायनरी' म्हणतात, आम्ही नुसतं इंधन नाही, केमिकल्स पण काढणार. कल्पना बरोबर आहे, आणि जुनी पण आहे, अमेरिकेत क्वेकर ओट्सने १९२० च्या दशकातच ओट्सच्या टरफलांपासून फरफ्युरल काढून विकायला सुरुवात केली होती, तेच फरफ्युरल जे यीस्टला मारतं. आजही ते फाउंड्रीच्या साच्यांची वाळू बांधणाऱ्या रेझिनसाठी लागतं. पण इथे उलटी अडचण येते. महाग विकला जाणारा माल थोडाच लागतो. जगाला व्हॅनिलिन वर्षाला वीसेक हजार टनांच्या आसपास पुरतं, आणि तेल रोज दहा कोटी बॅरल लागतं. एका मोठ्या प्लांटने व्हॅनिलिन ओतायला सुरुवात केली तर भावच कोसळेल. इंधन स्वस्त आणि महाग माल थोडा, ह्याच कात्रीत अमायरिस कंपनी सापडली. २००३ ची कंपनी, उसाच्या साखरेवर यीस्ट सोडून डिझेलला चालेल असं फार्नेसीन बनवायची, साओ पावलोत बसही चालवून दाखवल्या, मग २०१२ मध्ये कळलं की इंधनाच्या भावात हे परवडत नाही, म्हणून त्याच फार्नेसीनपासून चेहऱ्याच्या क्रीममधलं स्क्वालेन वगैरे बनवायला लागली. माल चांगला होता, खपला पण, आणि तरी ऑगस्ट २०२३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, कारण क्रीमच्या ब्रँडवर खर्च करणं हा वेगळाच जुगार आहे.

तर आता अशा एखाद्या कंपनीची बातमी समोर आली की मी आधी यीस्ट, एन्झाइम, एआय वगैरे जे काय लिहिलं असेल ते सोडून देतो. बघतो की कच्चा माल आता ह्या क्षणी कुठे पडलाय, शेतात का कोणाच्या तरी कारखान्याच्या मागच्या अंगणात. टनाला किती लिटर म्हणतायत, आणि तो आकडा लॅबचा आहे का सलग काही महिने चाललेल्या प्लांटचा. लिग्निनचं काय करणार, 'जाळून वाफ' असं उत्तर असेल तर ठीक, पण मग पैसा इथेनॉललाच कमवायचाय. पहिला गिऱ्हाईक इंधनाचा आहे का दुसऱ्या मालाचा, आणि सरकारी सवलत उद्या काढली तर काय उरतं. बहुतेक प्रेस नोटमध्ये ह्यातल्या एकाचंही उत्तर नसतं.

आणि ड्युपाँटच्या त्या प्लांटचं पुढे काय झालं? २०१८ मध्ये व्हर्बिओ नावाच्या जर्मन कंपनीने तो विकत घेतला आणि त्याच ताटांपासून इथेनॉलऐवजी बायोमिथेन काढायला सुरुवात केली. ह्यात साखर वेगळी काढायची गरज नाही, महागडी एन्झाइम्स नाहीत, डिस्टिलेशन नाही. टाकीत मिश्र बॅक्टेरिया सोडायचे, ते दिवसेंदिवस सावकाश खातात, ग्लुकोज झायलोज असा भेद करत नाहीत, गॅस आपोआप वर येतो आणि जो लिग्निनवाला चोथा उरतो तो खत म्हणून परत शेतात जातो, म्हणजे शेतकऱ्याची पोटॅशची तक्रारही बरीच मिटते. ह्याच कंपनीने पंजाबात संगरूर जिल्ह्यातल्या लेहरागागाला भाताच्या पेंढ्यावर असाच गॅस प्लांट टाकलाय, २०२२ पासून, दिवसाला ३३ टन गॅसचा. गासड्या तिथेही गोळा कराव्याच लागतात, ते काही सुटलेलं नाही. आयोवात तर व्हर्बिओने पुढे त्याच आवारात मक्याच्या दाण्यांपासूनचं साधं इथेनॉलही जोडलं आणि त्याचा उरलेला चोथा-पाणी गॅसच्या टाक्यांकडे वळवलं, म्हणजे टाक्यांना काहीतरी पंपाने ढकलता येण्यासारखं मिळालं.